धुंडिराज गोविंद फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल, इ.स. १८७० – १६ फेब्रुवारी, इ.स. १९४४) हे मराठी छायाचित्रकार, ठसे-निर्माते, मुद्रक आणि चित्रपट दिग्दर्शक होते. इ.स. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटामुळे ते भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखले जातात. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ते स्थिर छायाचित्रण व चित्रमुद्रण या क्षेत्रांत काम करीत होते. माणसाला कॅमेऱ्यासमोर बसविणे, त्याचा वेश, पार्श्वभूमी व प्रकाश ठरविणे, काचेवर त्याची प्रतिमा घेणे आणि ती प्रतिमा छापील पानावर उतरविणे ही सर्व कामे त्यांनी स्वतः शिकून घेतली होती. संगीत रंगभूमीशी त्यांचा निकटचा संबंध होता. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री त्यांनी नाटक मंडळीतूनच निवडल्या.

== जन्म व बालपण ==

फाळके यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असलेले हे तीर्थक्षेत्र गोदावरीच्या उगमासाठी आणि ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या उत्तरेस पेठचा डोंगराळ प्रदेश लागतो. फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने ओळखले जात. ते संस्कृतचे व्युत्पन्न पंडित असून पौरोहित्य करीत. आईचे नाव द्वारकाबाई होते. घरातील वातावरणामुळे पुराणकथा, पूजाविधी व देवदेवतांची रूपवर्णने यांचा परिचय धुंडिराज यांना लहानपणीच झाला.

दाजीशास्त्री यांची मुंबईतील विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर फाळके कुटुंब मुंबईस आले. धुंडिराज यांचे प्राथमिक शिक्षण त्र्यंबकेश्वर येथे व पुढील शालेय शिक्षण मुंबईत झाले. चित्रे काढणे, मातीच्या मूर्ती करणे आणि घरगुती नाट्यप्रयोग करणे यांची त्यांना आवड होती.

== कलाशिक्षण ==

इ.स. १८८५ मध्ये फाळके यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि रेखाटनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर ते ज्येष्ठ बंधू शिवरामपंत यांच्यासोबत बडोद्यास गेले. तेथेच मराठे घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला.

बडोदा संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने कला व उद्योग यांना उत्तेजन मिळत होते. इ.स. १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवन या संस्थेत चित्रकला, रंगकाम, वास्तुकला, रसायन व यंत्रविद्या असे विषय एका छपराखाली शिकविले जात. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे या संस्थेचे प्रमुख होते. फाळके यांनी येथे तैलरंग व जलरंग चित्रणाचे शिक्षण घेतले आणि मूर्तिकला व वास्तुरेखनातही प्रावीण्य मिळविले. इ.स. १८९२ मध्ये अहमदाबाद येथे भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली. तिला सुवर्णपदक मिळाले. ही प्रतिकृती पाहून प्रभावित झालेल्या एका चाहत्याने त्यांना एक किमती कॅमेरा भेट दिला.

== छायाचित्रण व ठसे-निर्मितीचे शिक्षण ==

इ.स. १८९० च्या सुमारास फाळके यांनी कॅमेरा मिळवून छायाचित्रणाचे प्रयोग सुरू केले होते. त्या काळी छायाचित्र काचेच्या पट्टीवर घेतले जाई. पट्टीवरील लेपाची प्रकाशग्रहणक्षमता कमी असल्यामुळे, विशेषतः बंद जागेत, चित्र घेताना समोरच्या व्यक्तीला काही क्षण निश्चल बसावे लागे. व्यक्ती हलली की चेहरा पुसट होई व पट्टी वाया जाई. त्यामुळे चित्र घेण्यापूर्वीच बैठक, हातांची ठेवण, दृष्टीची दिशा, वस्त्रांचा रंग व खिडकीतून येणारा उजेड यांचा विचार करावा लागे. तत्कालीन पट्ट्या निळ्या रंगाला अधिक व तांबड्या रंगाला फारच कमी प्रतिसाद देत. परिणामी तांबडे वस्त्र चित्रात जवळजवळ काळे व फिके निळे वस्त्र पांढरे दिसे. वेशाची निवड छायाचित्रकारालाच समजून-उमजून करावी लागे.

छायाचित्र घेता आले तरी ते पुस्तकात अथवा मासिकात छापता येण्यासाठी स्वतंत्र प्रक्रिया आवश्यक होती. छपाईचे यंत्र शाई उमटवू शकते किंवा कोरी जागा सोडू शकते. मधल्या करड्या छटा त्याला उमटविता येत नाहीत. यावर उपाय म्हणून बारीक आडव्या-उभ्या रेषांच्या काचेच्या जाळीतून चित्राची पुन्हा प्रतिमा घेतली जाई. त्यामुळे चित्राचे लहान-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई. ही प्रतिमा तांब्याच्या अथवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने कोरली की हाफटोन ठसा तयार होई. तो अक्षरांच्या खिळ्यांसोबत बसवून छापता येत असे. दगडावरून छपाई करावयाची असल्यास प्रकाशसंवेदी जिलेटिनच्या कागदावर प्रतिमा घेऊन ती शाईसह दगडावर उतरविली जाई. रंगीत चित्रासाठी तीन वेगवेगळ्या रंगकाचांतून तीन प्रतिमा घेऊन तीन ठसे करावे लागत व ते एकावर एक अचूक छापावे लागत.

इ.स. १८९१ मध्ये फाळके यांनी या विद्येचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यांची तयारी पाहून गज्जर यांनी त्यांना त्रिरंगी ठसे, शिळाछपाईसाठी प्रतिमा उतरविणे आणि अंधारखोलीतील कामे शिकण्यासाठी रतलाम येथे पाठविले. परत आल्यावर इ.स. १८९३ मध्ये कलाभवनातील छायाचित्रणाची खोली व प्रयोगशाळा वापरण्याची परवानगी त्यांना मिळाली. तेथे त्यांनी स्वतःच्या नावाने ठसे व छायाचित्रांची छपाई करण्याचे काम सुरू केले. तथापि या कामातून नियमित उत्पन्न मिळत नव्हते.

== गोध्रा व बडोदा येथील व्यवसाय ==

इ.स. १८९५ मध्ये व्यावसायिक छायाचित्रकार होण्याचे ठरवून फाळके गोध्रा येथे गेले. तेथे त्यांनी व्यवसाय थाटला. मात्र इ.स. १९०० च्या प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दोघेही मरण पावले. या आघातानंतर ते बडोद्यास परतले.

बडोद्यात त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. परंतु कॅमेरा माणसाच्या शरीरातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी समजूत त्या वेळी शहरात पसरलेली होती. लोक चित्र काढून घेण्यास तयार होत नसत. बडोद्याच्या राजपुत्रानेही प्रथम याच भीतीने नकार दिला होता. फाळके यांनी त्याला छायाचित्रणाचे गुण पटवून दिले व राजपुत्राने दरबारात या कलेची बाजूही घेतली. तरीही सामान्य लोकांच्या मनातील भीती गेली नाही आणि व्यवसाय चालला नाही. चित्राची सारी तयारी असली तरी समोर बसणाऱ्याचा विश्वास नसेल तर छायाचित्रकाराला काहीच करता येत नाही, हा अनुभव त्यांना या काळात आला.

== संगीत रंगभूमीशी संबंध ==

छायाचित्रणाचा व्यवसाय थंडावल्यावर फाळके नाटक मंडळ्यांसाठी रंगीत पडदे रंगवू लागले. अरण्य, राजवाडा, रस्ता, मंदिर असे पडदे हा त्या काळच्या नाट्यप्रयोगाचा अविभाज्य भाग होता. या कामाच्या निमित्ताने त्यांना नाट्यनिर्मितीचे प्राथमिक शिक्षण मिळाले व त्यांनी किरकोळ भूमिकाही केल्या. बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे प्रयोग शिकले. इ.स. १९०१ मध्ये त्यांनी 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे जाहीर प्रयोग केले. 'फाळके' या आडनावातील अक्षरे उलट्या क्रमाने घेऊन हे नाव तयार केलेले होते.

इ.स. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती असे ठेवण्यात आले. सरस्वतीबाई या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या पुतणी होत्या. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी इ.स. १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घातला होता. त्यांच्या मंडळीतील गायक नट महाराष्ट्रभर लोकप्रिय होते. या परंपरेत नटाची परीक्षा प्रथम त्याच्या गळ्यावरून होई आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. फाळके यांचा पुढील काळातील नटांशी संबंध समजण्यासाठी ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरते.

== पुरातत्त्व खात्यातील नोकरी ==

इ.स. १९०३ मध्ये फाळके यांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. प्राचीन वास्तू व शिल्पे यांची चित्रे घेताना वस्तू हालत नाही, परंतु प्रकाश छायाचित्रकाराच्या इच्छेप्रमाणे बदलता येत नाही. योग्य वेळेची वाट पाहणे, कॅमेऱ्याची जागा काळजीपूर्वक ठरविणे आणि तपशील स्पष्ट उमटविणे यांस या कामात महत्त्व असे. नोकरीत स्थैर्य असूनही त्यांचे मन तेथे रमले नाही. स्वदेशी चळवळीच्या काळात, इ.स. १९०६ मध्ये, त्यांनी राजीनामा देऊन स्वतंत्र उद्योग सुरू केला.

== मुद्रण व्यवसाय ==

राजीनाम्यानंतर फाळके यांनी लोणावळा येथे रा. गो. भांडारकर यांच्या भागीदारीत 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' हा छापखाना काढला. चित्रकार राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेला चित्रछपाईचा कारखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे होता. त्या कारखान्यासाठी शिळाछपाईच्या प्रतिमा उतरवून देण्याचे काम फाळके यांचा छापखाना करीत असे. रविवर्मा यांच्या पौराणिक चित्रांच्या छापील प्रती त्या काळी घरोघर भिंतींवर लावल्या जात. देवदेवतांचा वेश, दागिने, उभे राहण्याची ढब व पार्श्वभूमी यांविषयीची सर्वसामान्य लोकांची कल्पना या चित्रांनी घडविली होती. फाळके यांच्या पुढील चित्रपटांतील दृश्यरचनेवर तिचा प्रभाव स्पष्ट दिसतो.

काही काळाने त्यांनी हाफटोन ठसे व त्रिरंगी छपाईचे कामही हाती घेतले. इ.स. १९०८ मध्ये छापखाना मुंबईत दादर येथे हलविण्यात आला. पुढे पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि छापखान्याचे नाव 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' असे ठेवण्यात आले. इ.स. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे घेण्यासाठी फाळके जर्मनीला गेले.

हा काळ मराठी नियतकालिकांच्या रूपबदलाचा होता. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने इ.स. १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. लेखांच्या जोडीला चित्रे व छायाचित्रे यांना मासिकांत महत्त्व येऊ लागले होते. हाफटोन ठशांमुळे छायाचित्रातील चेहरा दूरच्या गावातील वाचकापर्यंतही पोहोचू शकत होता. या तंत्रात निष्णात असलेल्या मोजक्या भारतीयांपैकी फाळके एक होते. छापखान्याच्या कामाला नाव मिळाले, परंतु व्यवसाय चालविण्याच्या पद्धतीवरून भागीदारांशी मतभेद झाले. अखेर त्यांनी कोणताही आर्थिक मोबदला न घेता छापखाना सोडला. स्वतः उभारलेला उद्योग भांडवलदार भागीदारांशी न पटल्यामुळे सोडावा लागण्याचा हा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पुढेही पुन्हा आला.

== चलत्चित्राकडे ==

१४ एप्रिल, इ.स. १९११ रोजी फाळके यांनी गिरगावातील 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस' या तंबूत प्राण्यांविषयीचा एक चित्रपट पाहिला. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंना घेऊन पुन्हा गेले. ईस्टरचे दिवस असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखविण्यात आला. तो पाहताना राम व कृष्ण यांच्या कथा अशाच प्रकारे पडद्यावर आणण्याचा विचार त्यांच्या मनात आला.

पुढील काही महिने त्यांनी मुंबईत दाखविले जाणारे चित्रपट रोज तासन्‌तास पाहिले व उरलेल्या वेळात प्रयोग केले. अतिश्रम व अपुरी झोप यांमुळे त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी त्यांची दृष्टी परत आली. त्यानंतर विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी परदेश प्रवासासाठी पैसे उभे केले.

१ फेब्रुवारी, इ.स. १९१२ रोजी ते लंडनला रवाना झाले. तेथे 'बायोस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनी भेट घेतली. कॅबोर्न यांच्या ओळखीने त्यांना वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रगृहातील सर्व विभाग व कामाची पद्धत पाहता आली. त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची व छिद्रे पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदविली आणि १ एप्रिल, इ.स. १९१२ रोजी ते परत आले.

भांडवल देणाऱ्यांना तंत्राची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एक एक चित्र घेऊन टिपली. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटात सुमारे एक महिन्याची वाढ एका मिनिटाहून थोड्या अधिक वेळात दिसत असे. हे काम म्हणजे स्थिर छायाचित्रणाच्या शिस्तीचाच विस्तार होता. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दर्शविली.

== राजा हरिश्चंद्र ==

पहिल्या चित्रपटासाठी फाळके यांनी हरिश्चंद्राची कथा निवडली. नटांसाठी 'इंदुप्रकाश' इत्यादी वृत्तपत्रांत जाहिराती देण्यात आल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके यांची निवड झाली. चित्रपटात काम करणे अप्रतिष्ठेचे मानले जात असल्यामुळे तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. अखेर ग्रँट रोड येथील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांची फाळके यांनी निवड केली. साळुंके यांना तेथे महिन्याला १० रुपये मिळत. फाळके यांनी १५ रुपये देऊ केले. या निवडीत त्यांनी आवाज अथवा गायन विचारात घेतले नाही. सडपातळ बांधा व नाजूक हात पाहून हा चेहरा कॅमेऱ्यासमोर कसा दिसेल, याचा अंदाज त्यांनी बांधला. रोहिदासाची भूमिका फाळके यांचा पुत्र भालचंद्र याने केली.

चित्रीकरणासाठी दादर येथे देखावे उभारण्यात आले व बाह्य चित्रण वांगणी येथे झाले. त्रिंबक तेलंग यांना फाळके यांनी स्वतः कॅमेरा चालविण्यास शिकविले. कथा, देखावे, वेश, रंगभूषा, दिग्दर्शन, फिल्म धुणे व जोडणी ही कामे त्यांनी स्वतः केली किंवा त्यांच्या देखरेखीखाली झाली. सरस्वतीबाई अंधारात फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने तयार करीत आणि चित्रीकरणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. सिनेमात काम करतो असे सांगण्यास नट संकोच करीत असल्यामुळे हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगण्याचा सल्ला फाळके यांनी त्यांना दिला होता.

सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट तयार होण्यास जवळजवळ सात महिने लागले. २१ एप्रिल, इ.स. १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रगृहात त्याचा निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे, इ.स. १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला.

== नाशिक व गायक नटींचे चित्रण ==

'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर ३ ऑक्टोबर, इ.स. १९१३ रोजी फाळके यांनी आपले काम नाशिकला हलविले. तेथे गोदावरीचे घाट, मंदिरे, डोंगर व मोकळा सूर्यप्रकाश सहज उपलब्ध होता. विजेच्या दिव्यांऐवजी सूर्यप्रकाशावर अवलंबून असलेल्या चित्रीकरणासाठी ही जागा सोयीची होती. शिवाय पुराणकथांना साजेसा परिसर कृत्रिम पडद्यांशिवाय मिळत होता.

नाशिक येथे त्यांनी 'मोहिनी भस्मासूर' या चित्रपटाची तयारी केली. त्या सुमारास चित्ताकर्षक नाटक मंडळीचे प्रयोग काही काळ थांबलेले होते व त्यामुळे मंडळीतील कलावंत मोकळे होते. या मंडळीतील दुर्गाबाई कामत यांना पार्वतीची आणि त्यांची कन्या कमलाबाई यांना मोहिनीची भूमिका देण्यात आली. या दोघी भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री ठरल्या. कमलाबाई लहानपणापासून रंगभूमीवर वावरलेल्या होत्या. पुढे त्या कमलाबाई गोखले या नावाने प्रसिद्ध झाल्या. त्यांचे पुत्र लालजी व सूर्यकांत गोखले हे तबलावादक होते, तर चंद्रकांत गोखले हे अभिनेते होते.

संगीत रंगभूमीवर वाढलेल्या कलावंतांचे मूक चित्रण करणे हे कठीण काम होते. रंगभूमीवर पद म्हणताना नट एका जागी उभा राहून आलापीने प्रसंग रंगवीत असे. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही कळावे म्हणून हावभाव मोठे केले जात. कॅमेऱ्यासमोर आवाजाचा काहीच उपयोग नव्हता आणि मोठे हावभाव जवळून कृत्रिम दिसत. त्यामुळे चेहऱ्यावरील भाव, दृष्टी व शरीराची लय यांवरच भर द्यावा लागे. नृत्यावर आधारलेली मोहिनीची भूमिका यासाठी अनुकूल होती.

चेहऱ्याच्या चित्रणाकडे फाळके किती लक्ष देत, याचे उत्तम उदाहरण 'कालिया मर्दन' (इ.स. १९१९) या चित्रपटात आढळते. कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. चित्रपटाच्या आरंभी, मूळ कथेपूर्वी, मंदाकिनीच्या चेहऱ्यावरील वेगवेगळे भाव जवळून दाखविले आहेत व त्यानंतर ती कृष्णाच्या वेशात दिसते. कलावंताची प्रथम ओळख करून देण्याची ही रीत छायाचित्रकाराच्या दालनातील व्यक्तिचित्रासारखीच आहे. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात त्यांनी स्वतःच्या कामाची पद्धतही प्रेक्षकांसमोर मांडली. 'नवयुग' मासिकात इ.स. १९१७-१८ मध्ये त्यांनी चित्रपटविषयक लेखही लिहिले.

इ.स. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तंत्राचे कौतुक झाले व तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. मात्र ते भारतात परतले. पहिल्या महायुद्धामुळे भांडवल मिळेनासे झाले होते. इ.स. १९१७ मध्ये 'लंकादहन' प्रदर्शित झाला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. हा चित्रपट अत्यंत लोकप्रिय ठरला.

== हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी ==

इ.स. १९१८ मध्ये वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके हे तिचे कार्यकारी भागीदार होते. 'श्रीकृष्ण जन्म' व 'कालिया मर्दन' या चित्रपटांना मोठे यश मिळाले. तथापि खर्चावरील नियंत्रण व निर्मितीचा कालावधी यांवरून भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. ज्या मराठी रंगभूमीसाठी त्यांनी एके काळी पडदे रंगविले होते, तिच्या समकालीन स्थितीवर या नाटकात टीका होती. 'संदेश' पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी त्यांनी चित्रपटाकडे परतावे यासाठी प्रयत्न केले.

इ.स. १९२२ च्या सुमारास फाळके कंपनीत परतले, परंतु आता ते मासिक वेतनावर काम करीत होते. दादरच्या छापखान्याप्रमाणेच येथेही निर्मितीतील कौशल्य त्यांचे व आर्थिक सूत्रे इतरांच्या हाती, अशी स्थिती राहिली.

== बोलपट व अखेरचा काळ ==

१४ मार्च, इ.स. १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. चित्रपटाला आवाज मिळताच गाणाऱ्या नटांना पुन्हा मागणी आली आणि रंगभूमीवरील अनेक गायक चित्रपटात आले. फाळके यांचे सारे कौशल्य मूक प्रतिमेभोवती घडलेले होते. त्यांचा 'सेतुबंधन' हा चित्रपट मूकपट म्हणून तयार झाला व नंतर त्याला ध्वनी जोडण्यात आला.

कोल्हापूरचे महाराज राजाराम यांच्या निमंत्रणावरून त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' (इ.स. १९३७) हा चित्रपट केला. बोलपट म्हणूनच चित्रित झालेला हा त्यांचा एकमेव चित्रपट होय. कोल्हापूरचे गायक विश्वनाथबुवा जाधव यांनी त्याला संगीत दिले होते. संगीत नाटकाच्या सावलीत सुरू झालेल्या फाळके यांच्या कारकिर्दीत गायकाचा आवाज आणि कॅमेऱ्याची प्रतिमा येथे प्रथमच एकत्र आले. त्या वेळी फाळके यांचे वय ६७ वर्षांचे होते. हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

उर्वरित आयुष्य त्यांनी नाशिक येथे काढले. या काळात त्यांची आर्थिक स्थिती हलाखीची होती. १६ फेब्रुवारी, इ.स. १९४४ रोजी नाशिक येथेच त्यांचे निधन झाले.

== वारसा ==

फाळके यांनी सुमारे १९ वर्षांच्या मुख्य कारकिर्दीत ९५ चित्रपट व २७ लघुपट तयार केल्याचे मानले जाते. त्यांतील बहुतेक नष्ट झाले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग व 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केला आहे.

भारत सरकारने इ.स. १९६९ पासून त्यांच्या नावे दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. इ.स. १९७१ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुंबईत गोरेगाव येथील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले आहे. नाशिक येथे पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीवर आधारित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा परेश मोकाशी दिग्दर्शित मराठी चित्रपट इ.स. २००९ मध्ये तयार झाला.

चित्रपटाचे जनक ही फाळके यांची ओळख रूढ असली, तरी तिच्यामागे काचेच्या पट्ट्या, अंधारखोली, तांब्याचे ठसे व रंगविलेले पडदे यांवर केलेला दीर्घ अभ्यास होता. कलावंताचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणण्यापूर्वी करावयाची तयारी आणि तो लोकांपर्यंत पोहोचविण्याची यांत्रिक प्रक्रिया ही दोन्ही अंगे एकाच व्यक्तीने आत्मसात केल्यामुळे, परदेशी तंत्रज्ञांवर अवलंबून न राहता भारतात चित्रपटनिर्मिती सुरू होऊ शकली.